कसब्यात घर घ्यायचं तर आधी गाडीचा निर्णय घ्या

ताई, तुमचं पत्र सविस्तर होतं. इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. तुम्ही, तुमचे यजमान, पाचवीतली मुलगी आणि ७२ वर्षांच्या सासूबाई असे चौघं वाकडला अकराव्या मजल्यावर राहता. तुमची नोकरी शिवाजीनगरला, यजमानांना आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला जावं लागतं. सासूबाईंचं माहेर शनिवार पेठेतलं. वाकडला त्या आठ-आठ दिवस फाटकाबाहेर पडत नाहीत, कारण बाहेर पडून जायचं कुठं हाच प्रश्न असतो. म्हणून कसबा पेठेत तुम्ही दोन जागा बघितल्यात. एक, जुन्या वाड्याचा दुसरा मजला, सागवानी खांब, डोक्यावर कडीपाट म्हणजे लाकडी छत, वाड्याच्या आतल्या चौकाकडे उघडणारा सज्जा. दुसरी, दोन गल्ल्या सोडून १९९०च्या सुमारास बांधलेल्या तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. लिफ्ट दोन्हीकडे नाही, गाडी लावायला जागा दोन्हीकडे नाही. तुमच्याकडे एक चारचाकी आणि दोन दुचाकी. कुठली जागा घ्यावी, आणि मुळात पेठेत राहणं जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम करणारी वास्तुविशारद. पुण्याच्या पेठांमधले वाडे दुरुस्त करण्यात माझी २६ वर्षं गेली, आणि त्यातली १९ वर्षं मी कसब्यातच राहते. तेव्हा हे उत्तर कामातून आलंय तसं रोजच्या दूध-भाजीतूनही आलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. जमेल, आणि चांगलं जमेल, पण चारचाकी विकायची तयारी असेल तरच. माझ्या ओळखीतली जी कुटुंबं हौसेनं पेठेत आली आणि दोन-तीन वर्षांत परत गेली, त्यांतल्या बहुतेकांना घर छोटं पडलं नव्हतं, आवाजही सोसवला असता. त्यांना गाडीनं घालवलं. रात्री साडेनऊला दमून यायचं, गल्लीत जागा नाही, पुढच्या गल्लीत नाही, मग नदीकडेला लावून चालत यायचं, सकाळी कुणीतरी आरसा वाकवलेला असायचा. रोज अर्धा तास आणि रोज एक भांडण. त्यात पेठेचं सुख कुठल्या कुठे जातं. गाडी ठेवूनच यायचं असेल तर वाकडच बरं, हे मी मनापासून सांगते.

हे गाडीचं मी एवढं लावून धरते, कारण पेठ ज्या गुणासाठी तुम्हाला हवी आहे तो गुणच गाडी नसण्यावर उभा आहे. कसबा ही पुण्यातली सगळ्यात जुनी वस्ती. बाकीच्या पेठा नंतर तिच्याभोवती वाढल्या, वारांच्या नावांनी आणि पुढे माणसांच्या नावांनी. इथल्या गल्ल्यांची रुंदी माणूस, बैल आणि पालखी यांच्या मापाने ठरली. एकेक धंदा एकेका आळीत बसला: तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा. घरांच्या जागा रस्त्याकडे अरुंद आणि आत खोल. त्यामुळे दहा पावलं टाकली की नवा दरवाजा, नवा ओटा, नवं दुकान लागतं. आणि गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना दोन-तीन मजले, म्हणून एप्रिलमध्येही दुपारचा थोडा वेळ सोडला तर कुठल्या ना कुठल्या बाजूला सावली असतेच. नव्या उपनगरातल्या ऐंशी फुटी रस्त्यावर दुपारी चारला म्हातारं माणूस चालू शकत नाही, त्यात सावलीचा वाटा मोठा आहे. याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही.

आता हाच वाडा पाडून नवी इमारत होते तेव्हा काय होतं बघा. वाहनतळाची जागा द्यावी लागते, म्हणून तळमजला खांबांवर मोकळा सोडतात. जिथं ओटा होता, किराणा होता, शिवणयंत्र घेऊन बसलेला शिंपी होता, तिथं अंधारा पोकळ मजला आणि वर खिडक्या. असा एक वाडा गेला तर कळत नाही. ओळीने चार गेले की संध्याकाळी सातनंतर त्या भागातून बाया-पोरी पाय उचलून चालतात. मी नव्या बांधकामाच्या विरोधात नाही. अनेक वाडे खरोखर राहण्याच्या पलीकडे गेलेत, आणि त्यांत राहणाऱ्यांना कोरडं, सुरक्षित घर मिळायलाच हवं. पण गल्ली जिवंत राहते ती तळमजल्यावर, आणि तो तळमजला आपण गाड्यांना देऊन टाकतोय याची मला फार खंत वाटते.

म्हणून जागा बघायला जाल तेव्हा घराआधी गल्ली बघा. दाराबाहेर उभं राहून दोन्ही बाजूंची शंभर-शंभर पावलं चाला. रस्त्याकडे उघडणारी दारं किती, बंद भिंती आणि मोकळे तळमजले किती ते मोजा. मग तीन वेळांना पुन्हा या: सकाळी सहाला, दुपारी एकला, रात्री दहाला. तांबट आळीच्या आसपास असाल तर दिवसा हातोड्यांचा आवाज असतो. तांब्याच्या भांड्यावर एकेक ठोका देत मठारकाम चालतं. मला तो आवाज प्रिय आहे, मुलीच्या अभ्यासाच्या वेळी तुम्हाला कदाचित नसेल. पण तो रात्री थांबतो. चौकातल्या वाहनांचे भोंगे थांबत नाहीत. म्हणून चौकापासून दोन वळणं आत असलेलं घर नेहमी चांगलं.

सासूबाईंचं सांगते, कारण या सगळ्या व्यवहारात खरी कमाई त्यांची आहे. कसबा गणपती, लाल महाल, शनिवारवाड्यापुढचं पटांगण हे सगळं त्यांच्या चालीनेही पाच-दहा मिनिटांत. महात्मा फुले मंडई आणि तुळशीबाग जाताना चालत, येताना पिशव्या घेऊन रिक्षाने. पुणे नगर वाचन मंदिर, १८४८ सालापासूनचं, बुधवार चौकाजवळ. रास्ता पेठेत केईएम रुग्णालय, मंगळवार पेठेत महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय. औषधाचं दुकान, दळणाची गिरणी, चप्पल शिवणारा, चष्म्याची काडी बसवून देणारा ही माणसं हाकेच्या अंतरावर. माझ्या शेजारच्या आजी ८१ वर्षांच्या आहेत. त्यांचा रोजचा फेरा तीन दुकानं आणि एक देऊळ, एकूण चाळीस मिनिटं, त्यातली पंचवीस गप्पांची. एक दिवस त्या दिसल्या नाहीत तर दूधवाला वर जाऊन विचारून आला. असल्या सोयी कुठल्या माहितीपत्रकात छापलेल्या नसतात.

पण एक धोका आहे आणि तो नीट ऐका. गल्लीत पदपथ नसला तरी तिथं वाहनं हळू असतात, चालता येतं. पेठेची कड जिथं मोठ्या रस्त्याला मिळते तिथं खरी अडचण. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता दोन्ही एकेरी, त्यामुळे वाहनं एकाच बाजूने पण वेगाने आणि सलग येतात. कसब्यातून शनिवारवाड्याकडे जायचं तर शिवाजी रस्ता ओलांडावाच लागतो. सासूबाईंना कुठल्या सिग्नलपाशी ओलांडायचं हे आधी ठरवून द्या आणि पहिले पंधरा दिवस कुणीतरी बरोबर जा. शक्य झालं तर त्यांचा रोजचा फेरा आतल्या आत, फडके हौदाच्या बाजूला बसवा.

तुमच्या नोकरीचा प्रश्न सोपा झालाय. २९ सप्टेंबर २०२४ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई ही स्थानकं उघडली. कसबा पेठेत बसायचं, मधलं जिल्हा न्यायालय सोडायचं आणि दुसऱ्या थांब्याला शिवाजीनगर. वनाज-रामवाडी मार्गही जिल्हा न्यायालयालाच बदलता येतो. यजमानांचं तेवढं सोपं नाही. वाकडहून हिंजवडी हे त्यांचं आजचं सुख आहे, आणि कसब्यात आल्यावर ते तीन दिवस लांबचे होणार. कंपनीची बस कुठून सुटते ते बघा, आणि आज होतो त्या प्रवासाचाच हिशेब धरा, होऊ घातलेल्या मार्गाचा नको. एकाचे आठवड्यातले तीन लांब दिवस एका पारड्यात, तुमचे पाच दिवस, मुलीची शाळा आणि सासूबाईंचे सातही दिवस दुसऱ्या पारड्यात. हा तोल तुम्ही घरात बसूनच करा, माझ्यावर सोडू नका. मुलीसाठी मात्र हुजूरपागा किंवा नूतन मराठी विद्यालयासारख्या शाळा चालत जाण्याच्या अंतरात आहेत. शाळेतून एकटी चालत घरी येणारी मुलगी वर्षभरात किती वेगळी होते, हे मी माझ्या लेकीत पाहिलंय.

आता वाड्याकडे येते. तुमचं मन तिथं अडकलंय हे पत्रातून कळतंच, आणि सकाळी चौकातून वर येणारं ऊन मलाही इतकी वर्षं वेड लावतंच. पण मी तुमच्याबरोबर आले असते तर सज्जाकडे शेवटी गेले असते. आधी खालच्या दुकानात गेले असते.

कारण असं. वाड्याचा भार भिंतींपेक्षा लाकडी सांगाड्यावर असतो. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर आडवी जाड तुळई, तुळईवर कड्या म्हणजे बारीक वासे, कड्यांवर फळ्यांचे पाट, त्यावर मातीचा थर आणि शहाबादी फरशी. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात आणि सगळा वाडा खणांच्या हिशेबाने बांधलेला असतो. म्हणजे वर जिथं खांब दिसतो, त्याच्या बरोबर खाली खांब असायलाच हवा. पेठेतले तळमजले गेल्या साठ-सत्तर वर्षांत दुकानांना दिले गेले. शटर रुंद हवं, काउंटरच्या मधे खांब नको, म्हणून खांब कापून त्याच्या जागी लोखंडी गर्डर टाकलेले मी कित्येक ठिकाणी पाहिलेत. काही ठिकाणी गर्डरही नसतो, वरची तुळई नुसती दोन शेजारच्या खांबांवर ताणलेली असते. तेव्हा दुसऱ्या मजल्यावर खांब मोजा, पहिल्यावर मोजा, मग दुकानात जाऊन मोजा. आकडा जुळला नाही तर अभियंत्याचा अहवाल येईपर्यंत विसाराची एक रुपयाची बोलणी करू नका.

मग दाभण घ्या. गोणपाट शिवायचं साधं दाभण. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथं ते टोचून बघायचं. निरोगी सागात दाभण जेमतेम आत जातं आणि ठक्क करून अडतं. कुजलेल्या टोकात ते गरम भाकरीत बोट जावं तसं जातं. तुळई मधोमध कितीही देखणी असो, तिचं आयुष्य या भिंतीतल्या वीतभर टोकावर असतं, कारण भिंतीत ओल आली की हवा न लागता सडणारी जागा तीच. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण बाहेरच्या पांढऱ्या भागाला आणि नंतरच्या दुरुस्तीत बसवलेल्या जंगली लाकडाला लागते. दुरुस्तीचं लाकूड कुठलं ते विचारा. रंग एकसारखा मारलेला असेल तर तो एका कोपऱ्यात खरवडायची परवानगी मागा.

ओल कुठून येते? वाड्यांमध्ये वरच्या मजल्यावर न्हाणीघर नव्हतंच. ते सगळं खाली, चौकाच्या कडेला किंवा परसात. पुढे एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड आलं आणि प्रत्येकाने सोयीसाठी मोरी, नंतर संडास-बाथरूम बांधलं. लाकडी कड्यांवर विटांचा थर, सिमेंट, फरशी. ते वजन एक, आणि त्यातून झिरपणारं पाणी दुसरं. तुम्ही बघितलेल्या मजल्यावरच्या बाथरूमखाली काय आहे, तिथल्या कड्या काळ्या पडल्यात का, हे खालच्या बिऱ्हाडाला विनंती करून पाहा. ते लगेच दाखवतील, बहुधा वर्षानुवर्षं तेच ओरडत असतील. छपराचं तसंच. मंगलोरी कौलं दरसाल पावसाआधी शाकारावी लागतात. ते काम कुणाच्या अंगावर आहे, मालकाच्या की राहणाऱ्यांच्या, हे विचारल्यावर जर सगळे एकमेकांकडे बघू लागले तर तुम्हाला उत्तर मिळालं.

माझ्या हातून सुरुवातीच्या वर्षांत झालेली एक चूक सांगते, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही. वाड्याच्या वरच्या भिंती पुष्कळदा पांढऱ्या मातीच्या कच्च्या विटांच्या असतात. अशाच एका घरात भिंतीचा गिलावा पोपडे धरून पडत होता. घरच्यांना कायमचं, मजबूत काम हवं होतं आणि मी सिमेंटचा गिलावा करून दिला. दोन पावसाळे भिंत सुंदर दिसली. तिसऱ्या वर्षी बोटाच्या पेरांनी वाजवून पाहिलं तर डब्यासारखा आवाज. गिलावा उतरवला तेव्हा आत भिंत नव्हतीच, ओला चिखल होता, आणि त्यात गेलेलं तुळईचं टोक मी नुसत्या हाताने काढलं. मातीची भिंत पावसात थोडं पाणी पिते आणि उन्हात सोडते. चुन्याचा गिलावा तिला सोडू देतो, सिमेंट तोंड बांधून ठेवतं. ती तुळई बदलून, भिंत पुन्हा बांधून, मुरवलेल्या चुन्याचा गिलावा करायला चार महिने लागले, आणि ते चार महिने त्या घरातली माणसं नातेवाइकांकडे राहिली. तेव्हापासून मी चुन्याशिवाय मातीच्या भिंतीला हात लावत नाही. तुम्हाला विकणारी मंडळी 'आतून सगळं नवीन प्लास्टर केलंय' असं कौतुकाने सांगतील. ते वाक्य ऐकलं की थांबा आणि भिंत वाजवून बघा.

विजेचं काम मात्र सरळ आहे. लाकडी पट्ट्यांवरची जुनी वायर असेल तर अख्खी काढा, बंद नळीतून नवी टाका, गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच बसवा. लाकडी घरात हा खर्च पुढे ढकलायचा नसतो. शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८च्या आगीत गेले, आज उरलेत ते दगडी जोते आणि तट.

कागदपत्रांचं काम रुक्ष आहे, पण पेठेत माणसं फसतात ती इथं. पेठेत सातबारा नसतो, सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड असतं. ती काढा आणि धारक म्हणून किती नावं आहेत ते मोजा. चौथ्या पिढीत गेलेल्या वाड्यावर वीस-पंचवीस नावं सहज असतात, काही परदेशात, काही वारलेली आणि वारसनोंद न झालेली. तुम्हाला 'दुसरा मजला' विकतो म्हणणारा गृहस्थ प्रत्यक्षात बहुतेक वेळा अविभक्त हिस्सा विकत असतो. म्हणजे कागदावर तुम्ही संपूर्ण वाड्यातल्या काही आण्यांचे मालक, दुसऱ्या मजल्याचे नव्हे. नोंदणीकृत वाटपपत्र असेल आणि त्यात तो मजला त्यांच्या वाट्याला आलेला असेल, तरच मजला विकत घेतला असं म्हणता येतं.

दुसरी शक्यता पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन भाडेकरू होण्याची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, हा ३१ मार्च २०००पासून लागू आहे आणि त्याने पागडीची रक्कम घेणं कायदेशीर केलं. पण पागडीने मिळतो तो भाडेकरूचा हक्क, मालकी नाही. भाडं कमी आणि हक्क पक्का, म्हणून काही कुटुंबांना तो परवडतोही. मात्र अशा जागेवर बँक सहसा कर्ज देत नाही, आणि वाडा मोठ्या दुरुस्तीला आला की मालक आणि भाडेकरू दोघंही दुसऱ्याने खर्च करावा म्हणून थांबतात. माझ्या अनुभवात वाडे म्हातारपणाने कमी आणि या थांबण्याने जास्त पडतात. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली. तुमच्या वाड्याला अशी नोटीस आली आहे का, आली तर केव्हा, हे विकणाऱ्याला लेखी विचारा आणि क्षेत्रीय कार्यालयातही जाऊन खात्री करा.

तिसरं, अंतर मोजा. शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम प्रतिबंधित, आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, म्हणजे परवानगीनेच. कसब्याचा शनिवारवाड्याकडचा भाग या वर्तुळात येतो. पहिल्या १०० मीटरमधल्या इमारतीची दुरुस्तीही परवानगी घेऊनच करावी लागते आणि पुनर्विकासाच्या आशेवर तिथं पैसे घालण्यात अर्थ नाही. उलट, तुम्हाला आहे तसंच घर हवं असेल, तर शेजारी अकरा मजली इमारत उभी राहणार नाही याची ती हमीही आहे. दोन्ही जागा नकाशावर मोजून घ्या.

आणि पूररेषा. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, कित्येक वाडे त्या दिवशी आणि पुढच्या काही दिवसांत बसले. मातीची भिंत भिजली की खालून विरघळते, त्यामुळे उभे राहिलेले काही वाडेही तेव्हापासून एका अंगाला कललेले आहेत. निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे नकाशावर आखलेल्या पुराच्या हद्दी, तुमच्या गल्लीच्या कुठल्या बाजूने जाते ते बघा. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारलंत तर ते भिंतीवर हात ठेवून दाखवतील, पाणी कुठवर आलं होतं ते.

गणेशोत्सवाबद्दल तुम्ही काळजीने विचारलंय. कसबा गणपती मानाचा पहिला, त्यामुळे त्या दहा दिवसांत तुमची गल्ली शहराच्या मधोमध असणार. मी इथं आल्यावरच मला उत्सव कळला: पहाटे साडेपाचला झाडून सडा घातलेली गल्ली, मंडपाच्या मागे झोपलेले कार्यकर्ते, आरतीला खिडक्याखिडक्यांतून आलेल्या बाया. पण विसर्जनाच्या दिवशी वाहन आत येत नाही, मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, आणि ध्वनिवर्धकांच्या भिंती लागल्या की लाकडी मजला पायाखाली थरथरतो. सासूबाईंची औषधं आधी भरून ठेवा. हृदयाचा त्रास असेल तर शेवटचे दोन दिवस त्यांना वाकडच्या मैत्रिणीकडे पाठवायला संकोच करू नका. मी माझ्या आईला पाठवायचे.

आता पहिला प्रश्न, दोनपैकी कोणती जागा. वाड्याचा दुसरा मजला तुमच्या घरासाठी नको. कागद स्वच्छ निघाले, खांब जुळले, दाभण अडलं, तरी नको, आणि त्याचं कारण जिना. वाड्याचे जिने भिंतीत घुसवलेले, उभे, एका बाजूला दोर किंवा गज धरून चढायचे. पायरीची उंची नऊ-दहा इंच, पाऊल ठेवायला सात. सासूबाई आज चढतील. पण पाय मुरगळला की त्या वरच राहतील, आणि मग वाकडच्या अकराव्या मजल्यापेक्षा वाईट, कारण तिथं निदान लिफ्ट आहे. अशा जिन्यावर स्ट्रेचर वळत नाही. आजारी माणसाला खुर्चीत बांधून चौघांनी उतरवताना मी पाहिलंय, आणि वरच्या वळणावर खुर्ची आडवी करावी लागली तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी विसरलेली नाही. तोच वाडा तळमजल्यावर मिळत असता तर माझं उत्तर वेगळं असतं.

फ्लॅट मला बरा वाटतो. सुंदर नाही, पण पहिला मजला, रुंद जिना, आणि तुम्हाला हवी ती गल्ली दाराशी. त्यात तीन गोष्टी बघा. तळमजल्याच्या खांबांना उभ्या भेगा आहेत का, असल्या तर आत सळ्या गंजून फुगल्यात. गच्चीचं पाणी कुठं जातं. आणि सोसायटी नोंदलेली असून जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचा कागद (कन्व्हेयन्स), तिच्या नावावर झालाय का. झाला नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाची (डीम्ड कन्व्हेयन्सची) तयारी सभासदांमध्ये आहे का, हे अध्यक्षांना भेटूनच विचारा.

तरीही लगेच विकत घेऊ नका. आधी अकरा महिन्यांच्या करारावर त्याच भागात, पहिल्या किंवा तळमजल्यावर, भाड्याने राहा. करार लेखी करून नोंदवा, तोंडी ठेवू नका. वाकडचं घर भाड्याने द्या, विकू नका. गाडी मात्र त्या महिन्यातच विका, नाहीतर तुम्ही पेठेत राहून पाहिलंच नाही असं होईल. एक पावसाळा, एक गणेशोत्सव आणि मुलीची एक परीक्षा, एवढं त्या अकरा महिन्यांत येऊ द्या.

आणि त्याआधी, येत्या आठवड्यात कुठल्याही साध्या वारी सकाळी साडेनऊला सासूबाईंना घेऊन फ्लॅटच्या दाराशी या. त्यांच्या हातात रिकामी पिशवी द्या आणि म्हणा, तुम्हाला जिथं जावंसं वाटतं तिथं जाऊन या. तुम्ही वीस पावलं मागे राहा. त्या कुठं थांबतात, कुठं भिंत धरतात, कुठल्या चौकाशी घाबरतात, कुणाशी बोलायला लागतात ते एका कागदावर लिहून ठेवा, आणि जिन्याच्या पायऱ्या चढताना किती वेळा दम घेतला तेही. तो कागद मला पाठवा. इमारतीच्या खांबांचे आणि जिन्याचे फोटो मिळाले तर तेही पाठवा, मी बघून सांगेन.